वाळूदंडाच्या वसुलीत लिलावाला निघालेली शेतजमीन: बोली लावावी का, आणि नंतर सातबारा साफ कसा होतो?

गोदाकाठ

परभणी जिल्ह्यातलं गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या) काठचं गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. एका खातेदारावर अवैध वाळू उपशाचा दंड होता. तो भरला नाही म्हणून तहसीलने त्याची जमीन जप्त करून लिलावाला काढली आहे. तपशील असा:

जाहीरनाम्यात क्षेत्र १ हेक्टर ३४ आर, जिरायत. राखीव किंमत १४ लाख २० हजार. जाहीरनाम्यावर तारीख १८ फेब्रुवारी, लिलाव २४ मार्चला. गावात एकरी ११-१२ लाखांचा भाव चालू आहे, म्हणजे सव्वातीन एकराचे सरळ व्यवहारात ३६ लाखांच्या पुढे जातात.

डिजिटल सातबारा काढला. गटाचं एकूण क्षेत्र ४ हेक्टर ०२ आर. भोगवटादार वर्ग १ (विकायला बंधन नसलेली). नावं तीन आहेत, तिघे भाऊ, त्यातला मधला थकबाकीदार. इतर हक्कात दोन बोजे: सोसायटीचा ई-करार (कर्जाचा करारनामा) १,८०,००० आणि वाळूदंड ११,३५,०००. प्रलंबित फेरफार "नाही" असं दाखवतंय.

प्रश्न तीन आहेत. एक, सरकारी लिलाव म्हणजे जमीन निर्वेध मिळते असं सगळे म्हणतात, ते खरं का? दोन, सोसायटीचा बोजा आपोआप उडतो का? तीन, लिलाव जिंकल्यावर सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत नेमकं काय काय करावं लागतं? माझ्या नावावर दुसऱ्या गटात जमीन आहे, म्हणजे शेतकरी असल्याचा प्रश्न नाही.

फेरफार_६अ

भाऊ, एक आकडा बघा. ४ हेक्टर ०२ आरला तीनने भागा. बरोबर १ हेक्टर ३४ आर येतात. म्हणजे लिलावाला निघालाय तो जमिनीचा तुकडा नाही, कागदावरचा एक तृतीयांश हिस्सा आहे. आता जाहीरनाम्यात चतुःसीमा काय दिल्यात ते वाचा. त्या अख्ख्या गटाच्या असतील तर माझा अंदाज बरोबर. पूर्वेला ओढा, पश्चिमेला शिव रस्ता असं लिहिलं असेल आणि या दोन्हीच्या मध्ये चार हेक्टर बसत असतील, तर मधल्या भावाचे सव्वातीन एकर नक्की कुठले हे महसूल खात्यालाही माहीत नाही.

दुसरं, तारखा. जाहीरनाम्यावरची तारीख महत्त्वाची नाही. नोटीस कलेक्टर कचेरीत, तहसीलला आणि गावच्या चावडीवर लावतात. यातली शेवटची ज्या दिवशी डकवली त्या दिवसापासून ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय स्थावर मालमत्तेचा लिलाव होऊ शकत नाही. शिवाय तालुक्याला आणि गावात दवंडी झाली पाहिजे. चावडीवर कागद कधी लागला याचा पंचनामा तलाठ्याकडे असतो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच चालतं). त्याची नक्कल मागा.

आता क्रम सांगतो, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे.

दंड ठरला, मागणीची नोटीस गेली (कलम १७८), पैसे आले नाहीत, जप्ती झाली, जाहीरनामा निघाला. इथपर्यंत तुमचा संबंध नाही, पण हे चारही कागद फाइलला आहेत का ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. जप्तीचा हुकूम थकबाकीदाराला बजावल्याची पोहोच नसेल तर ती फाइल पुढे कच्ची पडते.

लिलावात तुमची बोली सर्वात वर राहिली तर जागेवर २५ टक्के भरायचे. १५ लाखांची बोली धरली तर ३ लाख ७५ हजार. ते न भरल्यास तिथेच फेरलिलाव पुकारतात. उरलेले ७५ टक्के कधीपर्यंत ते जाहीरनाम्याच्या अटींत असतं, ती अट वाचल्याशिवाय बोलीला उभं राहू नका. मुदत चुकली तर भरलेली रक्कम सरकारजमा होऊ शकते, आणि फेरलिलावात भाव कमी आला तर फरकही तुमच्याकडून वसूल करता येतो. पैसे भरायचे ते चलनाने. तहसीलच्या आवारात कोणी "माझ्याकडे द्या, मी भरतो" म्हणालं तर तिथून निघून या.

बोली जिंकली म्हणजे जमीन तुमची झाली, असं नाही. पुढचे ३० दिवस विक्री हवेत लटकलेली असते. या ३० दिवसांत दोन वाटा खुल्या आहेत. कलम २१० ने मालक किंवा त्या जमिनीत आधीपासून हितसंबंध असलेला कोणीही पूर्ण बाकी अधिक तुमच्या बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो. ते ५ टक्के तुम्हाला मिळतात, १५ लाखांवर ७५ हजार, आणि तुमचे पैसे परत. कलम २०७ ने मोठी अनियमितता, चूक किंवा लबाडी झाली आणि तिच्यामुळे आपलं भरीव नुकसान झालं असं दाखवून अर्ज करता येतो. नुसती चूक दाखवून भागत नाही, नुकसान दाखवावं लागतं. आणि ३६ लाखांची जमीन १५ लाखांत गेली हे नुकसान दाखवायला काही अवघड नाही, हे लक्षात घ्या. तुम्हाला जी स्वस्ताई दिसतेय तोच समोरच्याचा पुरावा आहे.

३० दिवस गेले, अर्ज आला नाही किंवा आलेला फेटाळला, की कलम २०८ ने विक्री कायम होते. अर्ज नसतानाही कारणं नोंदवून विक्री रद्द करायचा अधिकार या टप्प्यावर आहे. कायम झाल्यावर कलम २१२ ने ताबा आणि विक्री प्रमाणपत्र. प्रमाणपत्रात ज्याचं नाव तोच खरेदीदार, म्हणून पैसे एकाचे आणि बोली दुसऱ्याच्या नावाने असला घोळ करू नका.

निर्वेध मिळते का, याचं उत्तर इथले वकील देतील तर बरं. माझं म्हणणं: या प्रकरणात नाही.

गोदाकाठ

चतुःसीमा अख्ख्या गटाच्याच आहेत, आता नीट वाचल्या. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तर-दक्षिण शेजारचे गट. आणि चावडीवर कागद २५ फेब्रुवारीला लागलाय, पंचनाम्यावर तसं आहे. म्हणजे २४ मार्चपर्यंत २७ दिवसच होतात. हे आत्ता दाखवून द्यावं की गप्प राहावं?

खंडपीठ_रोड

दाखवून द्या, आणि लेखी द्या. गप्प राहून स्वस्तात घेतलं तर तीच २७ दिवसांची चूक कलम २०७ च्या अर्जात पहिल्या परिच्छेदात येणार. तेव्हा तुमचे २५ टक्के अडकलेले असतील. तारीख पुढे ढकलली गेली तर चार बोलीवाले वाढतील, मान्य. पण टिकणारा लिलाव महाग पडला तरी परवडतो.

आता निर्वेध असण्याबद्दल. "सरकारी लिलाव म्हणजे सगळे बोजे उडाले" हा समज एका खऱ्या नियमाचं अर्धवट रूप आहे. सगळं अवलंबून आहे ते बाकी कशाची, यावर.

कलम १६९ चे दोन भाग आहेत. पहिल्या भागात त्या जमिनीवरच्याच महसुलाची बाकी येते. ती जमिनीवरचा सर्वोच्च बोजा असते, गहाण, हुकूमनामा, जप्ती सगळ्यांच्या आधी. दुसऱ्या भागात सरकारची बाकीची येणी, जी "जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे" वसूल करता येतात. त्यांना प्राधान्य आहे ते फक्त बिनतारण देण्यांवर. तारण असलेल्या धनकोच्या पुढे ती जात नाहीत.

आज जिरायत जमिनीचा शेतसारा किती असतो? काही रुपये. त्यासाठी कोणी लिलाव काढत नाही. अपवाद अकृषिक जमिनीचा, तिथे बिनशेतीचा आकार तुंबून मोठा होतो आणि तो खरा महसूलच असतो. बाकी जाहीरनाम्यांमध्ये दिसते ती वाळूदंडाची बाकी, साखर कारखान्याकडे थकलेल्या उसाच्या एफआरपीची (किमान दराची), रेराच्या (बिल्डरांवरच्या प्राधिकरणाच्या) वसुली वॉरंटची. या सगळ्यांना महसुलाची पद्धत लागू होते, महसुलाचं स्थान मिळत नाही. पद्धत आणि स्थान, या दोन गोष्टी लोक एक धरतात आणि तिथेच फसतात.

तुमच्या प्रकरणात वाळू नदीपात्रातली, दंड कलम ४८(७) चा, आणि विकायला काढलेला गट तिसराच. ज्या जमिनीवर बाकी नाही अशी थकबाकीदाराची दुसरी मालमत्ता कलम १८१ खाली विकतात, आणि त्या कलमाचे शब्द आहेत थकबाकीदाराचा "हक्क, मालकी व हितसंबंध". म्हणजे त्याच्याकडे जेवढं आहे तेवढंच तुम्हाला मिळतं. त्याच्याकडे अविभक्त तिसरा हिस्सा असेल तर तो. त्यावर सोसायटीचा भार असेल तर भारासकट.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सोसायटीचा बोजा उडत नाही. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे केलेल्या करारनाम्याने जमिनीवर भार निर्माण होतो. तो शेतसाऱ्याच्या मागे आहे. सातबाऱ्यावर १,८०,००० दिसतात ती मंजूर रक्कम. सोसायटीच्या सचिवाकडून आजअखेर मुद्दल आणि व्याज वेगळं लेखी घ्या आणि बोलीच्या हिशेबात धरा. उलटही होतं: कर्ज फिटलंय पण बोजा कमी केलेला नाही. तसं असेल तर बेबाकी दाखल्यावर फेरफार करून तो काढता येतो.

हिस्सा. अविभक्त हिस्सा लिलावात घेणाऱ्याला इतर भावांबरोबर जाऊन शेतात उभं राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याला वाटप मागण्याचा हक्क मिळतो. भाऊ तयार असतील तर कलम ८५ ने तहसीलदाराकडे वाटप होतं. नसतील तर दिवाणी दावा, हुकूमनामा, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ ने तो कलेक्टरकडे, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख. या साखळीत वर्षं जातात. आणि दाव्यात पहिली हरकत येणार ती बहिणींची. सातबाऱ्यावर तीन भाऊ आहेत याचा अर्थ बहिणी नाहीत असा होत नाही. वारसाचा फेरफार काढून बघा, वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा जन्मतः हक्क आहे आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वडील कधी वारले हा मुद्दाही उरलेला नाही. दोन बहिणी निघाल्या तर तुमचा एक तृतीयांश हिस्सा एक पंचमांश होतो, ४०२ आरचे १३४ नाही तर साधारण ८० आर. पैसे मात्र १३४ आरचे दिलेले असतील. आई हयात असेल तर हिशेब आणखी बदलतो.

मुदत. महसुलाच्या किंवा महसुलाप्रमाणे वसूल होणाऱ्या बाकीपोटी झालेली विक्री रद्द करून मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ९९ प्रमाणे विक्री कायम झाल्यापासून १ वर्ष आहे. ज्याची मालमत्ता विकली गेली त्याला हे लागू. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याची मुदत सज्ञान झाल्यावर सुरू होते. आणि ज्याचा हिस्सा मुळात विकलाच गेला नव्हता अशी बहीण विक्री रद्द करायला येत नाही, ती आपला हिस्सा मागायला येते. तिला हे एक वर्ष अडवत नाही.

विक्री कायम होताच दिवाणी न्यायालयात आणि खंडपीठात कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा आगाऊ अर्ज) टाका. कॅव्हेट ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा टाकायचं. एकतर्फी मनाई हुकूम आला तर ताबा घेण्याचा हंगाम हातचा जातो.

फेरफार_६अ

वकील साहेबांच्या मुद्द्याला एक जोड. वाळूदंडाच्या मूळ आदेशावर अपील किंवा स्थगिती आहे का ते बघितलं पाहिजे. अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे असू शकतं, वर अपर जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, नाहीतर खंडपीठात रिट. फाइलला स्थगितीची नक्कल लागलेली नाही म्हणजे स्थगिती नाही, असं धरू नका. ई-कोर्ट्सवर थकबाकीदाराचं आणि दोन्ही भावांचं नाव टाकून शोधा, नावाचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे. दिवाणी दावा चालू असेल तर तो सूची दोनमध्ये (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीत) दिसेलच असं नाही.

शंकूसाखळी

जमीन पाहणीच्या अंगाने लिहितो.

१ हेक्टर ३४ आर म्हणजे १३२ गुंठे आणि थोडे वर, ३ एकर १२ गुंठे. पण सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा आहे का? काठच्या गटांत ओढ्याकडची बाजू पोटखराब्यात असते. हिश्श्यात पोटखराबाही तिसरा येतो. वाटपात मात्र कोणी काठाची बाजू स्वखुशीने घेत नाही, बाहेरून आलेल्या खरेदीदाराच्या गळ्यात तीच पडते.

बोलीच्या आधी शेतावर जा, तेही सकाळी, माणसं कामाला असतात तेव्हा. बघायचं ते असं. बांध कुठे आहेत. तीन भावांनी तोंडी वाटप करून आपापले तुकडे वहिवाटलेले असतील तर दोन आडवे बांध दिसतीलच. मधल्याचा तुकडा कोण पेरतंय, बटईने दिलाय का. विहीर कोणाच्या तुकड्यात, पाण्याच्या पाळ्या कशा. मोटारीचं कनेक्शन कोणाच्या नावावर आणि बिल किती थकलंय. शिवाराच्या गाडीवाटेपासून मधल्या तुकड्यात जायला रस्ता कुठून. रस्ता भावाच्या बांधावरून असेल तर तो तुमच्यासाठी दुसऱ्याच दिवशी बंद होतो. मग कलम १४३ चा अर्ज, स्थळपाहणी, तारखा.

ताब्याचा हंगाम धरा. लिलाव मार्चअखेर झाला, ३० दिवस गेले, विक्री कायम व्हायला मे उजाडला तर बरं, रान मोकळं असतं. तूर-कापूस निघालेला, ज्वारीचा कडबाही उचललेला. मृगाचा पाऊस पडून सोयाबीन पेरलं गेलं की उभ्या पिकात ताबा द्यायला कोणी अधिकारी तयार होत नाही, आणि पेरलेला माणूस पीक काढेपर्यंत हलत नाही. ताबा पंचनाम्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, झाडं, विहीर, पाइपलाइन, उभं पीक असल्यास कोणाचं, सगळं लिहून घ्या. पंच शेजारच्या गटाचे असावेत. तहसीलमध्ये बसून लिहिलेली ताबा पावती दिवाणी कोर्टात दोन प्रश्नांत मोडते: "ओढा कोणत्या बाजूला आहे?" आणि "शेतात गेला होतात का?"

वाटप झाल्यावर हद्द कायम मोजणी. अर्ज भूमी अभिलेख उपअधीक्षकाकडे, ऑनलाइन होतो. शेजाऱ्यांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा, खुणा दाखवतील तिथे दगड लगेच रोवा, चुन्याची रेघ पहिल्या वखरपाळीत जाते. "क" प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. शेजाऱ्याला पटलं नाही तर तो निमताना (वरिष्ठांकडून फेरतपासणीची) मोजणी मागू शकतो, तोवर कुंपणाचे खांब आणून टाकू नका. हिश्श्याची मोजणी वाटपाआधी मागून उपयोग नाही. गटात पोटहिस्सा पडलेलाच नाही, तर मोजणीदार मोजणार काय?

नांदेडवाली

विषय थोडा वेगळा आहे पण विचारते. महापालिकेने मालमत्ता कराच्या बाकीत घर विकायला काढलं तर हेच नियम लागतात का? आणि बँकेचे ई-लिलाव?

खंडपीठ_रोड

ताई, थोडक्यात. महापालिका अधिनियम १९४९ च्या कलम १४१ ने मालमत्ता कर हा त्या घरावरचा पहिला भार आहे, फक्त जमीन महसुलाच्या मागे. विक्रीची पद्धत त्याच कायद्याच्या अनुसूचीतल्या कराधान नियमांत आहे, वरची कलमं तिथे चालत नाहीत. बोली लावण्याआधी विचारायचं ते हे की घराच्या मागच्या बाकीसकट विकताय की बाकी वळती करून, आणि उत्तर लेखी घ्यायचं. दरमहा २ टक्के शास्ती वाढत असते, लिलाव ते हस्तांतर या काळातली शास्ती कोणाची हाही वाद होतो.

बँकेचा सरफेसी लिलाव वेगळ्या कायद्याचा, २००२ चा. तिथे २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, लेखी सहमतीने जास्तीत जास्त ३ महिने. पण कलम ३१ मुळे तो शेतजमिनीला लागूच नाही. अकृषिक म्हणून दाखवलेल्या पण सातबाऱ्यावर शेतीच असलेल्या प्लॉटवर सरफेसीचा लिलाव दिसला तर लांबूनच नमस्कार करा. पतसंस्था आणि जिल्हा बँकेचे लिलाव सहकारी नियम १०७ चे असतात: १५ टक्के जागेवर, बाकी १५ दिवसांत. लोक २५ आणि १५ मध्ये गफलत करतात आणि मुदत चुकवतात.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. तहसीलला २७ दिवसांचा मुद्दा लेखी दिला, पोहोच घेतली. वारसाचा फेरफार काढला: तीन भाऊ, एक बहीण, बहिणीचं नाव वारस म्हणून लागलं होतं आणि नंतरच्या एका फेरफारात "हक्कसोड" लिहून कमी केलंय. हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे की नाही हे फेरफारात लिहिलेलं नाही. जुने कागद किती मागचे काढू?

खंडपीठ_रोड

हक्कसोड नोंदणीकृत नसेल तर बहिणीचा हिस्सा जागेवर आहे असं धरून चाला. शंभर रुपयांच्या बाँडवरच्या किंवा तलाठ्यासमोरच्या जबाबाने स्थावरातला हक्क जात नाही, फेरफार मंजूर झाला तरी. दुय्यम निबंधकाकडे त्या वर्षाची सूची दोन शोधा, ऑनलाइन ई-सर्चवर नसेल तर कचेरीत अर्ज करून पुस्तकात.

मागे किती जायचं, तर मराठवाड्यात ३० वर्षांचा सर्च पुरत नाही. १९५४-५५ चं खासरा पत्रक काढाच. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. त्यात त्या वेळी जमीन कोण कसत होतं हे असतं, आणि हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० खालचा संरक्षित कुळाचा दावा तिथूनच उगवतो. कलम ३८-ई ची (मालकी मिळालेल्या संरक्षित कुळांची) यादी बघा. कुळाने खरेदी केलेली जमीन असेल तर ५०-ब चा शेरा असतो, तो नियमित करून घेतल्याशिवाय हस्तांतर अडतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर १० वर्षं झालेल्या खरेदीला आकाराच्या ४० पट भरून तो सुटतो.

त्याच्या मागचे कागद उर्दूत असतील. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मुंतखब, मदतमाश, खिदमतमाश हे शब्द दिसले तर थांबा, इनामाची जमीन आहे. खिदमतमाश देवस्थानाची किंवा दर्ग्या-मशिदीची असेल तर आजचा सातबारा वर्ग १ म्हणत असला तरी खाली माती भुसभुशीत आहे. वक्फची नोंद छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीच्या वक्फ मंडळाच्या कचेरीत तपासता येते. सर्व्हे नंबरचा गट होताना काय कशात गेलं, ते एकत्रीकरणाचं पत्रक भूमी अभिलेखकडे असतं. अर्धे लोक ही एकच कडी सोडतात आणि दुसऱ्याच सर्व्हे नंबरचा खासरा घेऊन येतात.

जायकवाडीच्या लाभक्षेत्रात असाल तर इतर हक्कात पुनर्वसनाचा हस्तांतरबंदीचा शेरा आहे का तेही बघा. किनवट-माहूरकडे हे वाचणारे कोणी असतील त्यांच्यासाठी: आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने लिलावात घेतली तरी कलम ३६ आणि ३६-अ आडवे येतात, वसुलीची विक्री आहे म्हणून सुटका नाही.

फेरफार_६अ

आता तिसरा प्रश्न राहिला, नाव लागण्याचा.

विक्री प्रमाणपत्र हातात आलं की आधी ते वाचा. हिस्सा असेल तर "गट नं. अमुकपैकी अविभक्त अमुक हिस्सा" असं हवं. चुकून "गट नं. अमुक, क्षेत्र १.३४, चतुःसीमा" असं लिहिलं तर तुम्हाला वाटेल फायदा झाला, पण फेरफाराला भावांची हरकत ठरलेली. दुरुस्ती त्याच आठवड्यात मागा, अधिकारी बदलून गेल्यावर फाइल शोधण्यात महिने जातात.

नोंदणी: महसूल अधिकाऱ्याने जाहीर लिलावात दिलेलं प्रमाणपत्र नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(१२) ने सक्तीच्या नोंदणीतून वगळलेलं आहे. कलम ८९(४) ने त्याची प्रत दुय्यम निबंधकाकडे पाठवायची आणि त्याने ती पुस्तक १ ला फाइल करायची. प्रत गेली का याचा पाठपुरावा तुम्हीच करा, जावक क्रमांक घ्या. ती गेली नाही तर उद्या सर्च घेणाऱ्याला तुमची खरेदी दिसणारच नाही. मुद्रांक टाळू नका. प्रमाणपत्र पुढे कर्जाला किंवा कोर्टात लावायचं तर ते लागतंच. रकमेबद्दल शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे कलम ३१ चा अभिनिर्णय (मुद्रांक किती लागतो याचा निर्णय) घ्या.

फेरफार: हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत कलम १४९ ची वर्दी द्यायची. अर्ज ई-हक्कवर किंवा तलाठ्याकडे, सोबत विक्री प्रमाणपत्र, विक्री कायम केल्याचा आदेश, ताबा पंचनामा, तुमचा ८अ (खातेउतारा). तलाठी गाव नमुना ६ ला नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस, १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. आली तर नोंद ६-अ ला तक्रारी रजिस्टरमध्ये जाते. इथे एक समजून घ्या: फेरफाराच्या वादात "बहिणीचा हिस्सा किती" हे ठरत नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. तुमचं उत्तर एवढंच असावं की थकबाकीदाराच्या नावावर जेवढं होतं तेवढ्यापुरतं त्याच्या जागी माझं नाव लावा.

वाळूदंडाचा बोजा कमी करायला वेगळा फेरफार लागतो. तहसीलने वसुली जमा झाल्याचं पत्र तलाठ्याला दिलं पाहिजे. हे सगळे विसरतात आणि चार वर्षांनी विकायला गेल्यावर स्वतःच्याच सातबाऱ्यावर पूर्वीच्या मालकाचा ११,३५,००० चा दंड सापडतो.

आणि बोलीला कोणी आलंच नाही तर सरकार कलम २२० ने नाममात्र १ रुपयात जमीन घेतं, ती आकारी पड होते. "मग मी तुम्हाला ती सरकारकडून काढून देतो" म्हणणारे एजंट तालुक्यात फिरतात. आकारी पड परत मिळण्याची वाट मूळ खातेदार आणि त्याच्या वारसांसाठी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने बाजारमूल्याच्या ५ टक्के रकमेवर परत देण्याचा निर्णय घेतला तोही त्यांच्यासाठीच. तुमच्यासाठी नाही.

किती बोली लावावी म्हणाल तर: बहीण धरून एक चतुर्थांश, म्हणजे १०० आर, अडीच एकराच्या खाली. एकरी ११ ने २७ लाख. त्यातून सोसायटीचं मुद्दल-व्याज, मुद्रांक, दाव्याचा खर्च वजा करा. मग रस्त्याविना, ताब्याविना पैसा पाच-सात वर्षं अडकणार त्याची अर्धी किंमत कापा. मला तरी राखीव किंमत १४ लाख २० हजार स्वस्त दिसत नाही.

शंकूसाखळी

सहमत. एकच वाट बरी दिसते: दोन्ही भावांशी आणि बहिणीशी आधी बोला. त्यांना मधल्याचा तुकडा बाहेरच्याला जाऊ नये असं वाटत असेल तर कलम २१० ने ते स्वतःच पैसे भरतील आणि तुमचा वेळ वाचेल. त्यांना काही देणंघेणं नसेल आणि वाटपाला लेखी संमती द्यायला तयार असतील, नकाशावर तुकडा दाखवून, तर मग २४ मार्चची नवी तारीख कोणती पडते ते विचारायला तहसीलला जा.